नऊ वार कापड

धोंडबाचा पुतळा कोट-टोपीत असावा, असा ठराव स्मारक समितीने एकमताने केला. बैठकीला धोंडबाची बायको रुख्माबाई हजर होती. ती समितीची सभासद नव्हती, त्यामुळे तिचं मत धरलं गेलं नाही.

बैठक समितीचे अध्यक्ष कृष्णकांत वकील यांच्या घरी, नागपूरच्या महाल भागात झाली. मूर्तिकार ओमप्रकाशने चितार ओळीतल्या आपल्या कारखान्यातून हातभर उंचीचा मातीचा नमुना आणला होता. तो टेबलावर ठेवला गेला. बंद गळ्याचा कोट, खाली पॅन्ट, डोक्यावर टोपी, उजवा हात भाषण करणाऱ्यासारखा पुढे आलेला.

"कसं वाटलं, रुख्माबाई?" वकिलांनी विचारलं.

रुख्माबाई खुर्चीवर बसली नव्हती. ती दाराजवळून पुढे आली आणि तिने नमुन्याभोवती एक फेरी मारली.

"हे कोण हाय?"

सगळे हसले. ती हसली नाही.

"धोंडबाच आहेत. चेहरा फोटोवरून घेतला. फोटो तुमच्या शालिकरामनेच दिला."

"चेहरा त्याचाच हाय," ती म्हणाली. "पण हा माणूस माह्या घरी कधी आला नाही."

भैयाजी तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. ते वॉर्डाचे नगरसेवक. जन्म विणकराच्या घरातला, पण मागावर बसून त्यांना खूप वर्षं झाली होती. "काकू, हा समाजाचा पुतळा हाय. येणाऱ्या-जाणाऱ्यानं पाहून हात जोडले पाह्यजे."

"त्याले पाहून कोणी हात नव्हतं जोडत गा. टाळ्या पिटत होते."

"ते वेगळं."

"वेगळं कसं? टाळ्या पिटत होते म्हणूनच तर पुतळा बसवून राहिले ना?"

चहा आला आणि पुढचा विषय निघाला.

धोंडबा दिवसा मागावर बसे आणि रात्री बाई होई. सक्करदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे विणकरांची जी वस्ती आहे, तिथल्या खडी गंमतीच्या, म्हणजे इकडच्या तमाशाच्या, फडात तो नाच्या होता. गंमतीत बाईचं काम पुरुषच करतो, पण धोंडबाने ज्या बाईचं काम केलं तिला नाव होतं, स्वभाव होता आणि जीभ होती. तिचं नाव मैना. नागपूरपासून उमरेडपर्यंत लोक धोंडबाला ओळखत नसत, मैनेला ओळखत. कन्हानच्या जत्रेत एकदा एक ठेकेदार गर्दीतून ओरडला होता, "ए मैना, घरी येतं काय वं?" मैनेने कमरेवर हात ठेवला आणि म्हटलं, "येते ना गा. पण तुह्या मायले पहिले विचार. तिनंच निरोप धाडला, का पोरगा बिघडला, तू येऊन दोन झापडा देऊन जाय." त्या ठेकेदाराला पुढे कन्हानमध्ये कामावरचे मजूरसुद्धा 'मैनेचा जावई' म्हणत.

मोहल्ल्याचा त्याच्यावर जीव होता, त्याला आणखी एक कारण होतं. मैना दरवर्षी नवं लुगडं नेसून उभी राही आणि त्या लुगड्याचा काठ नवा असे. पुरुष मैनेचं बोलणं ऐकायला येत. बायका ओट्यावरून, छपरावरून काठ पाहायला येत. आठवडा उलटायच्या आत इतवारी बाजारातले व्यापारी मोहल्ल्यात येऊन 'मैना-काठ' मागू लागत, आणि बंद पडलेले माग पुन्हा वाजू लागत. मिलचं कापड स्वस्त झालं, हातमाग एकेक करून उचलले गेले, त्या वाईट वर्षांतही या चार गल्ल्या तग धरून राहिल्या त्या मैनेच्या अंगावरच्या कापडामुळे. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांना कोणी विचारलं तर ते असंच सांगत.

ते लुगडं रुख्माबाई विणत असे. नवऱ्याच्या मागाशेजारी तिचा माग होता. धोंडबा दुसऱ्या कोणाच्या हातचं लुगडं नेसून फडावर गेला नाही. नेसवायचीही तीच. नाचताना, उड्या मारताना काष्टा सुटू नये म्हणून ती कमरेला मेण लावलेल्या दोऱ्याने टाके घाली आणि पहाटे तो परत आला की तेच टाके दातांनी तोडी.

धोंडबा १९७६ साली वारला. त्यानंतर मोहल्ल्याच्या चौकात पुतळा बसवायची कल्पना लोकांतून निघाली, पण ती तडीस नेली कृष्णकांत वकिलांनी. महापालिकेची परवानगी, जागेचा वाद, चौथऱ्याचं काम, सगळ्यासाठी ते खेटे घालत राहिले. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या दफ्तरात होते आणि गंमत पाहणं हे त्यांच्या घरात बसणारं नव्हतं. तरुणपणी ते चिंचेच्या झाडामागे उभे राहून मैना पाहत. त्यांना धोंडबाविषयी खरा आदर होता. म्हणूनच त्यांना त्याला कोट घालायचा होता.

फोटो देणारा शालिकराम हा धोंडबाचा एकुलता मुलगा. तो कोराडीच्या वीज केंद्रात लिपिक होता आणि तिथल्या वसाहतीत राहत असे. दर रविवारी तो बसने आईकडे येई. शर्टाच्या कॉलरवर राखेची बारीक पूड असे, ती तो दारात झटकून मगच आत येई. फोटो त्याच्या एका मामाच्या लग्नातला होता. त्यात धोंडबाने कोणाचा तरी कोट घातला होता, बाह्या आखूड होत्या आणि खाली धोतर होतं. समितीने धोतराची पॅन्ट केली.

ठराव झाल्यानंतरच्या रविवारी रुख्माबाईने भाकर वाढली आणि विचारलं, "तुह्याकडे त्याचे दुसरे फोटो नव्हते काय?"

"होते."

"मंग?"

"मंग काय? मैनेचा फोटो देऊ काय? चौकात बाप लुगडं नेसून उभा ठेवू काय?"

"होताच ना उभा. बावीस वर्षं त्याच चौकात."

शालिकरामने ताट पुढे सरकवलं. "तुले काय जाते माय बोलाले. मले शाळेत काय म्हणत, माहीत हाय तुले? मास्तर हजेरी घेताना विचारे, 'हे तुझ्या बापाचं नाव का आईचं?' अख्खा वर्ग हसे. कोराडीत कोणाले माहीत नाही. पुतळा झाला तर सारे पाहाले येतीन. एक वेळ तरी मले मान वर करून सांगू दे, हा माहा बाप होय म्हणून."

"कोटवाला?"

"हो. कोटवाला."

रुख्माबाईने ताट पुन्हा त्याच्याकडे सरकवलं. "जेव. अन्नावर राग नको काढू. मी तुले थांबवून नाही राहिली. पण ऐकून ठेव. तो चौकात उभा राहीन तर मैना म्हणून राहीन, नाही तर तो दगड मी माहा नवरा म्हणणार नाही. हार घालाले येणार नाही, अन् त्या रस्त्यानं जाणार नाही."

ती बोलली ते करणारी बाई होती, हे शालिकरामला ठाऊक होतं. तो जेवला आणि निघून गेला.

पुतळा तयार होत आला तेव्हा समितीला एक छान कल्पना सुचली. अनावरणाच्या वेळी पुतळ्यावर साटीनचा पडदा न टाकता विणकराच्या हातचं कापड टाकावं आणि ते खुद्द धोंडबाच्या पत्नीने विणावं. वकिलांनी ही कल्पना उचलून धरली. रुख्माबाईचा मान राहील आणि तिची नाराजीही जाईल, असं त्यांना वाटलं. भैयाजी स्वतः निरोप घेऊन आले.

"कापड किती लागीन?" रुख्माबाईने विचारलं.

"ओमप्रकाशले विचारलं मी. पुतळा माणसाएवढाच हाय, पण डोक्यापासून पायापर्यंत दोनदा गुंडाळून खाली सोडाचं तर नऊ वार लागीन म्हणते."

"नऊ वार."

"जास्त होते काय?"

"नाही," रुख्माबाई म्हणाली. "बरोबर होते."

दुसऱ्या दिवशी ती चितार ओळीत गेली. मापाला पुतळा पाहायचा आहे, असं तिने ओमप्रकाशला सांगितलं. सिमेंटचा पुतळा अजून ओला होता आणि अंगावर पोती होती. तिने पोती उचलून कमर वितीने मोजली, पाठ मोजली, मग खाली बसून पायांकडे पाहिलं.

"हे पाय असेच फाकलेले राहतीन काय गा?"

"हो. तोल राहते त्यानं. पहिले धोतर होतं, सारं भरीव. वकीलसाहेब म्हणाले पॅन्ट कर, म्हणून मधातून मोकळं केलं."

"चांगलं केलं वकीलसाहेबानं," रुख्माबाई म्हणाली. समितीच्या कोणत्याही कामाची तिने केलेली ही पहिली स्तुती होती.

रुख्माबाईचा माग धोंडबा गेल्यापासून बंद होता. मागाखाली पाय सोडायच्या खड्ड्यात कोळ्यांनी जाळी केली होती. तिने खड्डा झाडला, पायाने दाबायच्या पावड्यांच्या दोऱ्या बदलल्या आणि सूत आणलं. विणण्याआधी ताणा, म्हणजे उभं सूत, रस्त्यावर लांब पसरून त्याला खळ लावावी लागते. या कामाला पांजणी म्हणतात आणि ते एकट्याने होत नाही. दोन टोकांना दोन माणसं लागतात. दुसरं टोक धरायला नानाजी आला. नानाजी हा फडाचा ढोलकीवाला. त्याचे दात पडले होते, पण बोटं शाबूत होती.

पांजणी उघड्या रस्त्यावर होते आणि विणकरांच्या गल्लीत ताणा पाहून काय विणलं जाणार हे लहान पोरालाही कळतं. गर्द हिरवं अंग, दोन्ही बाजूंना लाल, आणि लालाच्या आत काळ्याची रेघ. मैनेने शेवटच्या वर्षी नेसलेल्या लुगड्याचा हाच काठ होता. बायका दारातून पाहत होत्या. एकीने विचारलं, "पुतळा झाकाचं कापड ना वं, रुख्मा?"

"हो. झाकाचंच."

"मंग चांगलं घट्ट वीण," ती बाई म्हणाली आणि आत गेली.

त्या दिवसापासून मोहल्ल्यातल्या प्रत्येक घराला ठाऊक होतं. समितीला कोणी सांगितलं नाही.

भैयाजी एकदा येऊन पाहून गेले. रुख्माबाई तेव्हा पदर विणत होती. तो त्यांना आवडला. "काठपदर कायले, काकू? साधं असतं तरी चाललं असतं."

"खालून वजन पाह्यजे ना गा. नाही तर हवेनं उडीन."

"हे खरं," भैयाजी म्हणाले आणि कापड उत्तम चाललं आहे असं वकिलांना कळवलं.

शालिकराम रविवारी आला. दारात राख झटकता झटकता त्याची नजर मागाकडे गेली आणि हात तसाच राहिला. हा काठ त्याने बापाच्या शेवटच्या वर्षी किती तरी वेळा वाळत घातलेला पाहिला होता.

"माय, हे लुगडं हाय."

"हो."

"तू त्याले नेसवणार हायेस. मंत्र्यासमोर."

"हो."

"मी आत्ता जाऊन भैयाजीले सांगतो."

"सांग," रुख्माबाई म्हणाली. तिचा धोटा थांबला नाही. "चपला उंबऱ्याबाहेर राहिल्या तुह्या. घालून जाय, रस्ता तापला हाय."

तो खरोखर गेला. भैयाजींच्या घरी त्याला बैठकीत बसवलं, पंखा लावला, चहा आणला. भैयाजी आनंदात होते. निमंत्रणं वाटून झाली होती, उपमंत्र्यांचा होकार आला होता.

"बरं झालं आला तू," भैयाजी म्हणाले. "तुले एक सांगतो, शालिकराम. हे मी तुह्यासाठीच करून राहिलो. तुह्या बापानं नाव कमावलं, पण डागही लावला ना घराले. हिजड्यासारखा नाचला माणूस. आता एकदा का कोटातला पुतळा उभा झाला का डाग धुतला गेला समज. दहा वर्षांनी कोणाले आठवणार नाही का त्यानं लुगडं नेसलं होतं."

शालिकरामने बशीतला चहा संपवला. हेच शब्द त्याने स्वतःशी किती तरी वेळा म्हटले होते. दुसऱ्याच्या तोंडून ते त्याने पहिल्यांदा ऐकले.

"तू काही सांगाले आला होता काय?"

"नाही," शालिकराम म्हणाला. "खुर्च्या पुरतीन ना, विचाराले आलो होतो."

"पुरतीन, पुरतीन."

तो आईकडे परत गेला नाही. तिथूनच बसथांब्यावर गेला.

अनावरण धोंडबाच्या पुण्यतिथीला, सायंकाळी ठरलं होतं. सकाळी पुतळा चौथऱ्यावर बसवला गेला आणि मांडववाल्याने बांबू रोवून त्याच्याभोवती कनात लावली. ठरलेला क्रम असा होता की पाहुणे आले की कनात काढायची, मग उपमंत्र्यांनी दोरी ओढायची आणि रुख्माबाईचं कापड खाली येऊन पुतळा लोकांना दिसायचा. कापड रुख्माबाईने आपल्या हाताने घालावं, असं वकिलांनीच सुचवलं होतं. भैयाजींनी तिला दोरी दिली आणि एक टोक कापडाला पक्कं बांध म्हणून सांगितलं.

दुपारी ती कापडाची घडी, शिडी आणि नानाजीला घेऊन कनातीच्या आत गेली. बराच वेळ आतून काही आवाज आला नाही. एकदाच नानाजीचं बोलणं ऐकू आलं, "पोट आत घे म्हणा त्याले," आणि रुख्माबाईचं उत्तर आलं, "सिमिट खाल्लं ना त्यानं, कसं घेईन आत."

पाच वाजेपर्यंत चौक भरला. पुढच्या खुर्च्यांवर वकील मंडळी, प्राध्यापक, बँकेचे लोक बसले. मागे मोहल्ला उभा होता. ओटे, छपरं, जिने बायकांनी गच्च भरले होते. भैयाजींची स्वतःची बायकोही शेजारणींबरोबर एका ओट्यावर बसली होती. "महिलांची उपस्थिती पाहा," भैयाजी उपमंत्र्यांना म्हणाले. शालिकराम पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात, हात मांडीवर ठेवून बसला होता. कोराडीहून त्याचे चार सहकारी आले होते.

वकील माइकसमोर उभे राहिले. पुतळा त्यांच्या पाठीमागे होता. त्यांचं भाषण लिहिलेलं होतं आणि चष्मा वाचायचा होता, त्यामुळे त्यांची नजर कागदावरून हलली नाही. त्यांच्या खुणेवर मांडववाल्याच्या माणसांनी कनात खाली ओढली.

चौथऱ्यावर मैना उभी होती. हिरवं लुगडं, लाल काठ, काष्टा मागे घट्ट खोचलेला, पायांत नानाजीने जपून ठेवलेले घुंगरू. टोपीवरून पदर आला होता आणि भाषणासाठी पुढे केलेल्या हातात त्या पदराचं टोक होतं. मैना फडावर येताच पहिल्यांदा पदर असाच धरी आणि समोर कोण कोण बसलंय ते पाहून घेई. ओमप्रकाशने केलेला चेहराही आता ओळखू येत होता. कोटाचं कुठेही नाव नव्हतं.

मग छपरावरून एक शिट्टी आली.

वकिलांनी वाचलं, "आता माननीय उपमंत्री महोदय आपल्या शुभहस्ते वस्त्र दूर करतील."

चौक इतका हसला की लाउडस्पीकर ऐकू येईना. वकिलांनी मागे वळून पाहिलं आणि त्यांच्या हातातला कागद खाली गेला. तोवर भैयाजींनी, सवयीने, हळदकुंकवाच्या तबकातली दोरी उपमंत्र्यांच्या हातात दिली होती. दोरीचं दुसरं टोक मैनेच्या कमरेला बांधलेलं होतं. पक्कं.

"हा पुतळा स्त्रीचा आहे?" उपमंत्र्यांनी हळूच विचारलं.

"नाही साहेब. पुरुषाचाच," भैयाजी म्हणाले.

"मग हे?"

"हे... कापड आहे साहेब. फक्त ओढायचं."

उपमंत्र्यांनी दोरीकडे पाहिलं. मग दोरी जिथे जात होती तिकडे पाहिलं. मग ओट्यांवरच्या बायकांकडे पाहिलं. त्या हसायच्या थांबल्या होत्या.

रुख्माबाई चौथऱ्याच्या पायरीशी उभी होती. ती मोठ्याने बोलली नाही, पण माइक जवळच होता. "ओढा ना साहेब. काहून थांबले? सिमिटाचा माणूस हाय. आत कोटही हाय. लाजाचं काय त्यात?"

उपमंत्र्यांनी दोरी तबकात परत ठेवली.

"राहू द्या," ते म्हणाले. त्यांनी चौथऱ्यावर हार ठेवला, नमस्कार केला, हातमागाच्या भवितव्यावर चार वाक्यं बोलले आणि पुढचा कार्यक्रम आहे म्हणून चहा न घेता निघाले. त्यांची गाडी चौकातून वळायच्या आत नानाजीने ढोलकीवर थाप मारली होती.

प्रकरण तिथे मिटलं नाही. खुर्च्या गोळा होऊ लागल्या तेव्हा कृष्णकांत वकील रुख्माबाईसमोर येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा रागापेक्षा दुखावलेला होता.

"तुम्ही आमची फसवणूक केली, रुख्माबाई."

"कोणती, साहेब? नऊ वार कापड मागितलं, नऊ वार दिलं. दोरी बांध म्हणाले, बांधली. झाकाले मागितलं होतं, झाकलं."

"काय झाकलं?"

"कोट."

"मी या माणसासाठी तीन वर्षं झिजलो. त्याचं हसं होऊ नये म्हणून."

"ते तुमचे उपकार हायेत, मी नाही म्हणत नाही," रुख्माबाई म्हणाली. "पण त्याचं हसं कधी झालंच नाही साहेब. तो हसवत होता. तुम्ही चिंचेमागं उभे राहून हसत, ते त्याले दिसे. घरी येऊन सांगे, आज वकिलाचा पोरगा पोट धरून हसला म्हणून. लय खूश होता त्या दिवशी."

वकिलांनी चष्मा काढून खिशात ठेवला. भैयाजी मात्र मागे हटणाऱ्यांतले नव्हते. "ते काही नाही. उद्या पेपरात येईन. आत्ताच्या आत्ता उतरवाचं हे. शालिकराम! तू पोरगा हायेस. चढ वर, अन् काढ."

शिडी अजून तिथेच होती. शालिकराम पहिल्या रांगेतून उठला. कोराडीचे चौघे बघत होते, मोहल्ला बघत होता. रुख्माबाईने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती पदराने तोंड पुसत होती.

तो चढला. वर गेल्यावर त्याचं तोंड बापाच्या तोंडासमोर आलं. त्याने कमरेपाशी हात नेला. मेण लावलेल्या दोऱ्याचे टाके बोटांना लागले, जवळजवळ, एका मापाचे, पहाटे आई दातांनी तोडायची तसले. त्याचा हात तिथे काही वेळ राहिला. मग त्याने पुतळ्याच्या खांद्याला धरून तोल सांभाळला आणि तो खाली उतरला.

"काय झालं?" भैयाजींनी विचारलं.

"निघत नाही."

"निघत नाही म्हणजे?"

"शिवलं हाय."

"मंग कात्री लाव! मांडववाल्या, कात्री दे रे."

कात्री आली. शालिकरामने ती घेतली आणि शिडीच्या पायरीवर ठेवली. मग शिडी दोन्ही हातांनी धरून तो उभा राहिला.

"कात्री हाय, शिडी हाय," तो म्हणाला. "चढा भैयाजी. मी धरतो."

"मी?"

"तुम्हीच म्हणाले ना, डाग धुवाचा हाय म्हणून. माह्या बापाचं लुगडं हाय हे. भर चौकात फेडाचं तर तुमच्या हातानं फेडा. आम्ही सारे पाहतो." मग तो वकिलांकडे वळला. "का साहेब, तुम्ही चढता?"

वकिलांनी मान हलवली. नाही.

भैयाजींनी एक पाय शिडीवर ठेवला. ओट्यावर त्यांची बायको उभी राहिली होती. तिच्या आजूबाजूच्या बायकाही उभ्या राहिल्या. भैयाजींनी कात्री उचलली, तिच्याकडे पाहिलं आणि मांडववाल्याला परत दिली.

"उद्या पाहू," ते म्हणाले.

"उद्याही धरीन," शालिकराम म्हणाला.

चौक रिकामा होईपर्यंत तो शिडी धरून उभा होता. शेवटी मांडववाल्याने हात जोडून शिडी परत मागितली. त्याला दुसऱ्या दिवशी लग्नाचा मांडव घालायचा होता.

कोराडीचे चौघे जाताना थांबले. त्यातला एक म्हणाला, "शालिकरामभाऊ, हे तुमचे वडील?"

"हो," शालिकराम म्हणाला. "मैना. ऐकलं असन नाव."

"आमचा बाप उमरेडचा. आमच्या घरी तिच्याच गोष्टी चालत."

चौथऱ्यावर संगमरवरी पाटी आधीच बसवली होती. पुतळ्याचे अनावरण अमुक तारखेला अमुकांच्या हस्ते झाले, असं तिच्यावर कोरलं आहे. ती बदलायला कोणी आलं नाही आणि अनावरण आजवर झालेलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन वर्तमानपत्रांत बातमी आली. एकाने 'समारंभात गोंधळ' असा मथळा दिला. दुसऱ्याने पुतळ्याचा फोटो छापला, त्यामुळे इतवारीतून दोन व्यापारी काठ पाहायला आले.

समारंभाच्या संध्याकाळी रुख्माबाई आणि शालिकराम गल्लीतून घराकडे चालले होते. शेवटची बस निघून गेली होती.

"जेवून इथंच झोप," ती म्हणाली.

"हो." थोडं चालल्यावर त्याने विचारलं, "उन्हात रंग किती टिकते वं माय?"

"एक पावसाळा. मंग उडते."

"मंग?"

"मंग दुसरं विणाचं. दरवर्षी नवं लागे त्याले. काठही नवा."

"नानाजीच्यानं आता पांजणी होत नाही. ढोलकी वाजवताच दम लागते त्याले. आज पाहिलं मी."

"मंग काय करू? एकटीनं होते काय पांजणी?"

"सुट्टी टाकतो मी," शालिकराम म्हणाला. "एक टोक मी धरतो."